नरम व ओली

अंबाजीचं पत्र चार वर्षं माझ्या ट्रंकेत होतं. उत्तर मी दिलं नाही. विसरलो म्हणावं, तर पत्र पाठ झालं होतं.

"अच्युतराव यांस अंबाजीचा नमस्कार. कागदात वाफसा लिवला व्हता का वल लिवली व्हती, येवढंच कळवा. घरचे म्हंत्यात, मी ऐकन्यात चुकलो. मलाबी आता तसंच वाटायलंय."

मी तालुक्याच्या शेतकी कचेरीत कारकून. हैदराबादेहून कागद उर्दूत यायचे, त्यांचं मराठी करणं माझ्याकडे होतं. मातीशी माझा संबंध चपलेपुरता. फारसी मात्र हौसेनं शिकलो होतो आणि त्याचा थोडा ताठाही होता.

एकावन्न साली लोखंडी नांगराचं पत्रक आलं. पावसाळ्यात रान केव्हा नांगरावं ते त्यात सांगितलं होतं. मी मराठी केलं : 'जमीन नरम व ओली असताना नांगर चालवावा.' नांगर दाखवायला जाणारा माणूस आजारी पडला, म्हणून हुलसूरजवळच्या एका गावी पत्रक वाचायलाही मलाच पाठवलं.

अंबाजी त्या गावचा. पन्नाशीचा असेल. औत कधी धरायचं ते गाव त्याला विचारायचं. तो पायानं माती उकरायचा, मुठीत दाबायचा आणि मूठ उघडून गोळ्याला बोट लावायचा. गोळा भुसभुशीत फुटला तर वाफसा आला. म्हणजे रानात चिखलही नाही आणि कोरडही नाही. बोटाला चिकटला तर बैल परत गोठ्यात. त्या दिवशी गोळा बोटाला चिकटला.

"राव, ह्यो तर निव्वळ चिखूल हाय," तो म्हणाला. "वाफसा येऊ द्या की. चार रोजात तुमचा नांगर काय पळून जायलाय?"

जमलेले लोक हसले. कुणी उलट विचारलं की मी कागदात डोकं घालतो, लहानपणापासूनची सवय. "कागदात 'ओली' असंच आहे," मी म्हणालो.

"मंग वाफशाचं कामून न्हाई लिवलं?"

"जाणकारांनीच लिहिलंय ते," मी पुटपुटलो.

त्यानं हात झटकला. "आसंल बाबा. लिवनारा शिकल्याला. आपला जलम ढोरामागं गेला."

त्याचा धाकटा भाऊ, श्रीमंत त्याचं नाव, नको नको म्हणत होता, तरी अंबाजीनं बैल जुंपले. चारचौघांत मी खोटा पडू नये म्हणून जुंपले असावेत, असं मला पुढे वाटत राहिलं.

नांगरामागे मातीचे चकचकीत लगदे उलटत गेले. मला ते सुंदर वाटले. ऊन पडल्यावर त्यांची विटेसारखी ढेकळं झाली. खाली जिथं फाळ घासत गेला, तिथली माती सारवल्यासारखी गुळगुळीत होऊन घट्ट बसली. पुढचे पाऊस त्या थरावर अडले, वरच्या वर वाहून गेले. आमच्याकडचा रब्बीचा जोंधळा जमिनीच्या पोटातल्या ओलीवर येतो. पोटात ओल उतरलीच नव्हती. पौषात मी गेलो तेव्हा अंबाजीनं एक खुरटं ताट उपटून दाखवलं. मुळं वीतभर खाली जाऊन आडवी वळली होती, भिंत लागल्यासारखी.

त्यानंतर ते पत्र आलं. मी मूळ पत्रक शोधून काढलं. बिदरला उत्तरेकडचे एक इन्स्पेक्टर आले होते, त्यांना ओळ दाखवून वाचली, "नर्म-ओ-तर." फारसीत 'ओ' म्हणजे 'व', 'तर' म्हणजे ओली : नरम व ओली.

ते हसत सुटले. "ओ-तर नहीं मुन्शीजी, वतर! एक ही लफ़्ज़ है. ज़मीन में ठीक नमी आए, उसको हमारे किसान वतर बोलते हैं. आपने तो शायरी कर दी!"

वतर म्हणजे वाफसा. उर्दू लिपीत 'ओ तर' आणि 'वतर' एकसारखेच दिसतात. अंबाजी विचारत होता तो शब्द कागदात होता. मी त्याचे दोन तुकडे केले होते.

उत्तर मी तीनदा लिहिलं. एकात दोष छपाईवर ढकलला, दुसऱ्यात शाईच्या डागावर. तिसरं खरं होतं, ते फाडलं. नोकरी जाईल, असं स्वतःला सांगत होतो. खरं तर लोक हसतील, याची भीती होती.

यंदा छप्पन साली भाषावार राज्यं होताना बिदर जिल्ह्याची वाटणी ठरली. उदगीर मुंबई राज्याकडे, आम्ही म्हैसूरकडे. कचेरीत गठ्ठे बांधणं चाललं होतं, मलाही पंचावन्न पुरी होऊन निवृत्ती जवळ आली होती. अशात आठवडी बाजारात अंबाजीचा भाऊ श्रीमंत भेटला.

"रान कसं आहे?" मी विचारलं.

"रानाला काय धाड भरलीया? काळी हाय ती. चार उन्हाळं भेगा पडल्या, आपसूक मोकळी झाली. अण्णाच न्हाई सुधारला."

"म्हणजे?"

"वाफसा आता मीच बघतो. त्याला म्हनलं, दाब बरं मूठ, तर म्हंतो, मला काय कळतंय. गाव चिडवायलंय, अंबाजीअण्णा, कागद आलाय बरं का! हसतो आन ढोरं घेऊन जातो." श्रीमंतनं पिशवी खांद्यावर टाकली. "चूक त्याचीच, न्हाई का? तुमी तर बराबर वाचलं व्हतं."

तो गर्दीत दिसेनासा झाला, आणि मी सरळ टपाल कचेरीत जाऊन एक कार्ड मागितलं. तिथल्याच टाकानं उभ्या उभ्या लिहिलं :

'अंबाजीअण्णांस नमस्कार. कागदात वाफसाच लिहिला होता. मी अडाणीपणाने ओल वाचली. तुमची मूठ बरोबर होती. चूक सगळी माझी. हे कार्ड चावडीत वाचून दाखवावे.' खाली पूर्ण नाव आणि हुद्दा.

टपालमास्तर ईरण्णानं नेहमीप्रमाणे कार्ड वाचलं, मग चष्मा वर केला.

"राव, हे उघडं हाय. वाटंत समदे वाचत्यात. पाकीट देऊ का?"

"नको," मी म्हणालो. "वाचू द्या."

त्यानं शिक्का मारला आणि कार्ड हुलसूरच्या थैलीत टाकलं.