ट्रेमध्ये उरलेला स्क्रू

घड्याळजींचा नियम चाळीस वर्षं जुना होता. घड्याळ उघडताना सुटे भाग ट्रेमध्ये डावीकडून उजवीकडे मांडायचे आणि जोडताना उजवीकडून उचलायचे. ट्रे रिकामा झाला की काम झालं.

वर्षभरापूर्वी त्यांच्या थोरल्या भावाने पोटच्या मुलीला “आपण कोण?” असं विचारलं, तेव्हापासून घड्याळजी स्वतःच्या डोक्याला जपू लागले. सकाळी भिजवलेले अक्रोड, दुपारी शब्दकोडं, संध्याकाळी झपझप चालणं. मेंदू तल्लख राहतो म्हणे, म्हणून डाव्या हाताने दात घासायचे. त्यात दोन शर्टांची वाट लागली. बायको हसायची. त्यांना हसू येत नव्हतं. ज्या दिवशी ट्रेमध्ये काही उरेल त्या दिवशी दुकान बंद, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि आज उरलं. गजराचं घड्याळ जोडून झालं, टिकटिक सुरू झाली आणि ट्रेच्या कोपऱ्यात एक बारीक स्क्रू दिसला.

त्यांनी घड्याळ पुन्हा उघडलं, तर प्रत्येक स्क्रू जागच्या जागी. जोडलं, परत उघडलं. तिसऱ्या खेपेलाही तेच. बायको चहा घेऊन आली, तेव्हा ताकास तूर लागू नये म्हणून त्यांनी स्क्रू मुठीत लपवला आणि हवापाण्याचं बोलू लागले.

“मूठ उघडा बघू,” ती म्हणाली. तिच्यापासून काही लपवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

“अहो, हा तुमच्या चष्म्याचा. काल इथेच पडला होता, शोधून शोधून दमलो आपण. काखेत कळसा नि गावाला वळसा.”

घड्याळजींनी बाजूला ठेवलेला चष्मा उचलला. डावी दांडी काळ्या दोऱ्याने बांधलेली. स्क्रू लावून पाहिला, तर तिथलाच. त्यांचा जीव भांड्यात पडला. ते पोट धरून हसले.

“गाठ मात्र झकास मारलीस हं.”

“मी कुठे? तुम्हीच बांधलीत, याच खुर्चीत बसून. मी बांधते म्हटलं, तर म्हणालात, तुला जमायचं नाही.”

घड्याळजींनी आठवून पाहिलं. कालच्या कोड्यातले आडवे-उभे सगळे शब्द आठवले. दोरा आठवेना. तीन वेढ्यांची ती गाठ तर त्यांचीच होती.

‘हो हो, आठवलं,’ म्हणणं सोपं होतं. थोरल्याने दोन वर्षं तसंच निभावलं होतं.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले. “काहीच आठवत नाही. मला भीती वाटते गं.”

ती हसली नाही. स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली.

“उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

“माझ्या लक्षात राहिलं नाही तर?”

“ते मी ठेवते. तुम्ही फक्त चला.”

मग तिने दांडी धरली आणि त्यांनी दोरा कापून स्क्रू बसवला. ट्रे रिकामा झाला.