चार पट्ट्यांचा पंप

मित्रांनो, मला जुना म्हणा, गंजका म्हणा, डबडं म्हणा, मी मनावर घेणार नाही. फक्त बंद म्हणू नका. मी डिझेलचा पंप आहे आणि अजून चालू आहे.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. पत्रा कापला, वाकवला, जोडला. आत मोटर बसवली, छातीवर आकड्यांची चाकं आणि त्यावर काच, कुशीला रबरी नळी. दर लिटरला माझी घंटी वाजते. हल्लीच्या पंपांना घंटी नसते. गिऱ्हाइकाच्या खिशातून काय जातंय ते ते गुपचूप दाखवतात. लोकांना वाटतं डिझेल माझ्या पोटात असतं. नसतं. ते जमिनीखालच्या टाकीत असतं. मी नुसता घसा आहे, आणि घसा आहे म्हणूनच गप्प बसत नाही. शेजारी पेट्रोलचा पंप उभा आहे, तो माझा भाऊ. तो फार बोलत नाही. भाव सांगायची त्याला लाज वाटते.

आमचं गाव उतारावर आहे. उताराच्या डोक्याला मी, तळाला नदी आणि नदीपलीकडे दुसरा देश. पूर्वी नदीवर फक्त होडी चालायची. त्या काळी शहराकडून येणारा प्रत्येक ट्रक माझ्यापाशी थांबे. माझी मालकीण रोज सकाळी लांब पट्टी टाकून खालच्या टाकीत किती डिझेल आहे ते बघे, मग पाच लिटरचं माप माझ्यासमोर ठेवून मी खरं बोलतो का ते तपासे. तिला सगळे अक्का म्हणतात. खरं तर ती एकट्या धाकट्या भावाची अक्का, पण गावानं तो शब्द त्याच्याकडून उसना घेतला आणि परत दिलाच नाही. "अक्काचं माप म्हणजे माप," असं ट्रकवाले म्हणत. मी उन्हात चमकत असे. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा गर्व होता.

मग पूल झाला.

पुलापलीकडे एक नवाकोरा पंप उभा राहिला. त्याच्या पाटीवरचा भाव आमच्या भावाच्या निम्मा. निम्मा! तेच डिझेल, तोच वास, तोच काळा धूर. गावाला एका आठवड्यात नवी अक्कल आली. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सगळं गाव 'खाली' जाऊ लागलं. गाडीत बायका-मुलं, डब्यात जेवण, मागे रिकामे कॅन. उतारावर इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायची. पुलापर्यंत पोचेल इतकंच डिझेल टाकीत ठेवायचं, थेंबभर जास्त नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी ज्याचा काटा सगळ्यात खाली, तो सगळ्यात हुशार, असं ठरून गेलं. माणसं एकमेकांना काटे दाखवू लागली, जशी मुलं पडलेले दात दाखवतात.

यात सगळ्यात पुढे कोण? अक्काचाच धाकटा भाऊ. त्याचं नाव गावात फुलटँक. तो सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स चालवायचा, आणि दवाखान्याच्या व्यवस्थापकानं त्याला हुकूम दिला होता की डिझेल पलीकडूनच भरायचं, बचत होते.

एकदा तो माझ्यासमोर नुसती हवा तपासायला थांबला. अक्का बाहेर आली.

"काय रे, हवाच का तेवढी? ती फुकट आहे म्हणून?"

"अक्का, तू चिडू नकोस ना. सगळेच जातात."

"सगळे जाऊ देत. तू दवाखान्याची गाडी चालवतोस. दवाखाना कशावर चालतो?"

"सरकारवर."

"आणि सरकार कशावर चालतं? हवेवर?"

फुलटँक हसला. "तू भाषण द्यायला लागलीस की मला आमचा व्यवस्थापकच आठवतो." आणि इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडून दिली.

माझी घंटी दिवसातून एखादेवेळी वाजू लागली. काचेवर धूळ बसली. एका कोळ्यानं माझ्या नोझलपासून भावापर्यंत जाळं विणलं आणि ते कुणी तोडलं नाही. मित्रांनो, वापर नसलेल्या वस्तूला लोक लगेच म्हातारी म्हणतात.

मग तेल कंपनीचा साहेब आला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता.

"बाई, या हंगामात खप वाढला नाही तर पंप बंद. खालची टाकी उकरून नेऊ. हा डबा भंगारात."

डबा म्हणजे मी.

"पलीकडे निम्म्या भावात मिळतं तर इथे कोण मरायला येईल?" अक्का म्हणाली. "आधी मला हे सांगा, तिकडे स्वस्त का? त्यांचं डिझेल काय आंघोळ न केलेलं आहे?"

साहेब पहिल्यांदा हसला, खुर्चीवर बसला आणि त्यानं नीट सांगितलं. मी कान देऊन ऐकलं, तुम्हीही ऐका.

जमिनीतून निघणारं कच्चं तेल जगाच्या बाजारात जवळपास एकाच भावानं विकलं जातं. आपल्याकडे तेल नाही, म्हणून ते परक्या चलनात विकत घ्यावं लागतं. आपलं चलन घसरलं की बाजार जागच्या जागी असला तरी आपल्याला ते महाग पडतं. मग ते शुद्ध करायचं, जहाजातून, टँकरमधून डोंगर चढवून इथवर आणायचं, त्याचा खर्च. मग सरकारचा कर, आणि तोच सगळ्यात मोठा. शेवटी अक्काचं कमिशन, बोटभर. पलीकडच्या देशात तेल त्यांच्याच जमिनीत आहे. ते सरकार कर तर लावत नाहीच, उलट प्रत्येक लिटरला खजिन्यातून पैसे घालून भाव खाली दाबून धरतं.

"म्हणजे त्यांच्या भावाला ठिगळ आहे," अक्का म्हणाली.

"ठिगळच म्हणा."

"आणि ते ठिगळ कुठल्या कापडातून फाडतात?"

साहेबानं खिडकीतून पुलाकडे बोट दाखवलं. पुलावरून एक म्हातारी काठी टेकत इकडे येत होती. आमच्या गाड्या तिकडे जायच्या आणि तिकडचे आजारी इकडे यायचे, कारण तिकडे दवाखान्याला छप्पर होतं, डॉक्टर नव्हता. हे आम्ही सगळे रोज बघत होतो. बघत होतो, आणि दिसत नव्हतं.

पण थांबा. म्हणून आमचं सरकार संत आहे असं समजू नका. जास्त कर म्हणजे चांगला दवाखाना, असं गणित कुणी शिकवलं तर त्याच्या तोंडावर नाही म्हणा. माझ्यासमोरचा रस्ता बघा, त्यातल्या खड्ड्यात बदकं पोहतात. काही देशांत डिझेलही महाग आणि डॉक्टरही नाही. तिथल्या कराचं काय होतं ते विचारायला धमक लागते, आणि माणसं ती धमक वाचवून ठेवतात, डिझेलसारखी.

साहेब गेला. अक्कानं रंगाचे डबे काढले. माझा डावा पत्रा घासून स्वच्छ केला आणि त्यावर चार आडव्या पट्ट्या ओढल्या. खाली काळी, कच्च्या तेलाची. तिच्यावर पिवळी, शुद्ध करण्याची आणि आणण्याची. मग लाल, कराची, सगळ्यांत रुंद. वर हिरवी, तिच्या कमिशनची, दोऱ्यासारखी बारीक. प्रत्येकीची रुंदी भावातल्या तिच्या वाट्याइतकी, आणि प्रत्येकीपुढे ती कशाची ते लिहिलं. शेजारी दुसरं चित्र काढलं, पलीकडच्या लिटरचं: काळी आणि पिवळी, पण लाल नाहीच, आणि काळीच्या मोठ्या भागावर पांढरं ठिगळ.

गाव हसलं. "अक्कानं पंपाला पोलकं शिवलं," असं न्हावी म्हणाला. साहेब पुन्हा आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला.

"बाई, हे पुसा. कंपनीच्या मालावर असलं काही चालत नाही."

"त्यात खोटं काय आहे?"

"खोटं नाही म्हणूनच तर पुसा!"

अक्कानं त्याच्या हातात फडका दिला. "तुम्हीच पुसा. मी हात लावणार नाही." साहेबानं त्याच फडक्यानं आपल्या गाडीची काच पुसली आणि निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "हंगाम संपेपर्यंत."

मित्रांनो, अशा वेळी माणूस दोनच गोष्टी करतो. बसतो किंवा उभा राहतो. अक्का रोज सकाळी पट्टी टाकून टाकी बघत होती, माप लावून मला तपासत होती. गिऱ्हाईक नसताना. मला विचाराल तर खरं धाडस तेच.

आणि ती सुट्टीची सकाळ आली. नेहमीसारखी गाड्यांची सगळी रांग उतारावरून सुळकन खाली गेली. पुलाच्या टोकाला फाटक लावलेलं होतं. तिकडच्या सरकारला अखेर कळलं होतं की त्यांच्या लोकांसाठी घातलेलं ठिगळ शेजारी फाडून नेतायत. पहारेकरी म्हणाला, "आजपासून बाहेरच्या गाड्यांना डिझेल नाही. पायी जा-ये करा, गाड्या मागे घ्या."

मागे घ्या! कशानं घेणार? प्रत्येकाचा काटा तळाला. सगळे हुशार.

आणि त्या रांगेत सगळ्यांत पुढे ॲम्ब्युलन्स. फाटक उघडेल म्हणून फुलटँकनं इंजिन चालू ठेवलं आणि उरलेलं डिझेलही संपवलं. तेवढ्यात पलीकडून दोन बायका एका सुताराला आधार देत पुलावरून घेऊन आल्या. त्याच्या छातीत कळ होती, कपाळावर घाम. पुलाजवळच्या दवाखान्यातून आमच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "याला शहरात न्यायला हवं. आत्ता. गाडी काढ."

फुलटँकनं चावी फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली.

मी वरून बघत होतो. मला पाय नाहीत, याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

अक्का माझ्याजवळून खाली ओरडली, "ढकला! बघत काय बसलात? गावातले सगळे कॅन तुमच्याकडेच आहेत, वर ढकला!" ज्या उतारावर गावानं इतकी वर्षं फुकट घसरगुंडी खेळली, तोच उतार आता छातीवर आला. न्हावी, शिक्षक, भाजीवाली, फर्निचरच्या दुकानाचे शेठ, सगळ्यांनी खांदे लावले. आत सुतार, मागे घामाघूम गाव. ॲम्ब्युलन्स माझ्यासमोर आली तेव्हा अक्काच्या हातात नोझल तयार होतं.

माझी घंटी वाजू लागली. पण डिझेलची गाडी कोरडी पडली की नळीत हवा शिरते, नुसतं ओतून भागत नाही. फुलटँक बॉनेटखाली वाकला आणि हातपंप मारत हवा काढू लागला.

"अक्का, सुरू नाही झाली तर?"

"होईल. मार. फेस जाईपर्यंत मार."

फेस गेला. इंजिन धडधडलं. अक्का त्याला रागावली नाही, खिडकीतून हात घालून त्याच्या डोक्यावर एक टपली मारली, एवढंच. "जा. आणि येताना मोकळ्या टाकीनं येऊ नकोस."

आता बाकीचे. तोवर निम्मी रांग ढकलत वर आली होती. शेठ पुढे झाले. "अक्का, दुप्पट देतो. आधी माझा ट्रक."

खालच्या टाकीत सगळ्यांना पुरेल इतकं डिझेल नव्हतं. अक्का त्या दिवशी काहीही मागू शकली असती.

"भाव पाटीवर आहे तोच," ती म्हणाली. "प्रत्येकाला थोडं थोडं, टँकर येईपर्यंत. पण एक अट. माझ्या पंपाच्या पोलक्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायचं, मग नोझल."

"शाळा आहे का ही?" शेठ तडकले.

"शाळाच. तुम्ही पहिल्या बाकावर."

शेठनी वाचलं. काळी, पिवळी, लाल, हिरवी. हिरवीपाशी ते अडखळले. "एवढीच?" त्यांनी विचारलं. "तुझी एवढीच?" आणि मग लालकडे बघून हळूच म्हणाले, "आणि ही एवढी?"

"तिच्यावरच पुढचं बोलायचंय," अक्का म्हणाली. "बाजूला व्हा, मागे लोक आहेत."

त्या दिवशी माझी घंटी इतकी वाजली की घसा बसला. सुतार वाचला. संध्याकाळी फुलटँकनं शहरातून तसा फोन केला आणि टाकी भरूनच निघतो म्हणाला.

काही आठवड्यांनी फाटक पुन्हा उघडलं, थोडा भाव वाढवून. मी तुम्हाला गोड गोष्ट सांगणार नाही. निम्मं गाव परत खाली जाऊ लागलं. पण निम्मं गेलं नाही. ॲम्ब्युलन्स गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी व्यवस्थापकाला तोंडावर सांगितलं की गाडीची टाकी अर्ध्याखाली गेली तर मी राजीनामा देईन. आणि ज्यांनी पट्ट्या वाचल्या होत्या ते सगळे एके सकाळी शेठना पुढे घालून सरकारी कचेरीत गेले. अक्कानं माझ्या लाल पट्टीच्या रुंदीचं कापड कापून नेलं होतं. ते टेबलावर अंथरून ती म्हणाली, "एवढं देतो आम्ही. आता यातला आमचा रस्ता दाखवा." त्यांना परत पाठवलं. ते पुन्हा गेले. अजून जातात. बदकांचा खड्डा मात्र बुजला.

हंगाम संपला तेव्हा साहेब आला. टाकी उकरायला माणसं आणली नव्हती. त्यानं नवा करार पुढे ठेवला, सही घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट्ट्यांचा रंग उडत चाललाय. जरा गडद करा."

मित्रांनो, माझी एवढीच मागणी आहे. गाडीच्या टाकीत नेहमी थोडं डिझेल राखा, कधी कुणाला उचलून न्यावं लागेल सांगता येत नाही. स्वस्त दिसलं तर ठिगळ शोधा. महाग दिसलं तर लाल पट्टीचा हिशेब मागा, हात न जोडता मागा. आणि जी जुनी वस्तू अजून खरं माप देते, तिच्यावर जाळं चढू देऊ नका.

तो सुतार मागच्या आठवड्यात पूल ओलांडून आला होता. पाऊस लागून रंग जाऊ नये म्हणून त्यानं माझ्या पट्ट्यांवर लाकडी छज्जा ठोकला. ठोकताना अक्काला म्हणाला, "थोडा रंग उरला असेल तर द्या. आमच्या बाजूलाही एक पंप आहे."

अक्कानं ठिगळाच्या पांढऱ्या रंगाचा डबा त्याच्या हातात दिला.