अप्पांचं अर्धं गणित

कमलाक्षीने पाटाभोवती तांदळाचं पीठ भुरभुरलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधली.

"मांजर असेल गं," अम्मा म्हणाली.

"मांजराला भागाकार येतो का, अम्मा?"

पाटावर अप्पांच्या कवड्या होत्या. अप्पा, म्हणजे तिचे वडील गुरुमूर्ती, तंजावरातले जुने पंचांगकर्ते. पुढल्या वर्षीच्या चंद्रग्रहणाची वेळ कवड्या सरकवून काढता काढता, बारा दिवसांपूर्वी, अर्ध्या गणितावरच ते गेले. मांडलेलं गणित पुरं झाल्याखेरीज कवड्या उचलायच्या नाहीत, ही त्या घराची रीत. म्हणून पाट तसाच राहिला होता. तसाच कसला! रोज सकाळी पाहावं तर गणित एक पायरी पुढे गेलेलं.

कमलाक्षी मुंबईला गणकयंत्रावर काम करायची. असलं यंत्र चालवायला शिकलेल्या देशातल्या पहिल्या चारपाच जणांतली ती एक. ह्याच ग्रहणाची वेळ तिने यंत्रावर काढून आणली होती: संध्याकाळी सात चौदा. अप्पांची वेळ दर ग्रहणाला अकरा मिनिटं उशिराची यायची. लोक कावेरीत स्नानाला उतरायचे तेव्हा ग्रहण आधीच लागलेलं असायचं.

"पंचांगावर नाव माझं आहे," अप्पा म्हणाले होते, "तुझ्या यंत्राचं नाही." तिने पुढे केलेला कागद त्यांनी हातातसुद्धा घेतला नाही. ते तिला फार लागलं होतं. बाकी काही नको, एकदा वाचला तरी असता.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. पिठावर मुंगीचंही पाऊल नव्हतं. गणित मात्र पुरं झालं होतं.

तिने कवड्या वाचल्या. सात चौदा.

 तिने मूठभर चिंचोके आणले आणि जमिनीवर अप्पांच्याच रीतीने पहिल्यापासून मांडणी केली. सात पंचवीस. पुन्हा केली. सात पंचवीसच. त्या रीतीने दुसरं काही येणंच शक्य नव्हतं.

"काय माणूस तरी!" ती पुटपुटली आणि तिला रडू फुटलं.

दहाच्या सुमारास छापखान्याचे रघोजी आले. ओसरीवरच उभे राहिले.

"अक्का, खिळे जुळवायचे थांबलेत. ग्रहणाची वेळ कोणाची घालू? यंत्राची की अप्पांची?"

कमलाक्षीने डोळे पुसले.

"अप्पांची," ती म्हणाली. "लिहून घ्या. सात चौदा."