नऊ नंबरची पाटी

माझ्या नाकावर राग असायचा, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. पण तुम्हीच सांगा, सकाळपासून गवताचे चारशे फोटो बघितल्यावर कोणाचं डोकं ठिकाणावर राहील? अभयारण्यात झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. ते उबेवर चालतात. जिवंत अंग समोरून गेलं की आपोआप क्लिक. उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यावर हललं तरी क्लिक, आणि ते निस्तरायला मी. माझा धाकटा भाऊ जंगलात जाऊन कॅमेऱ्यांची कार्डं बदलून आणायचा आणि मी ऑफिसात बसून फोटो निवडायचे.

भावाला सगळे बारक्या म्हणत. सहा फूट उंच, दारातून येताना डोकं आपटणारा बारक्या. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी पंधराची. त्याला जेवू घातला, मारला, शाळेत ढकलला, अक्षरं गिरवून घेतली, सगळं मीच. म्हणून त्याचं अक्षर हुबेहूब माझं. आमच्या दोघांच्या नऊला खाली लांबलचक शेपूट असायचं.

आमच्या कामात एक नियम होता. कॅमेऱ्याचं घड्याळ बॅटरी बदलताना कधी बिघडेल सांगता येत नाही. म्हणून कार्ड बदललं की पाटीवर खडूनं तारीख आणि कॅमेऱ्याचा नंबर लिहायचा आणि ती पाटी कॅमेऱ्यासमोर धरायची. घड्याळ खोटं बोलेल, पाटी नाही, असं मोठ्या बाई म्हणायच्या. त्या आमच्या साहेब. बारक्या मात्र तारखेखाली हटकून काहीतरी टवाळकी लिहायचा. "ताई, भूक." "ताई, मुंग्या चावल्या." एकदा तर "ताई, आज तू कोणावर ओरडलीस?" फोटो पहिल्यांदा मीच बघणार, हे त्याला माहीत होतं. मी त्याला फैलावर घ्यायची, आणि घरी जाताना तो फोटो आठवून एकटीच हसायची.

त्या मंगळवारी, बारा तारखेला, मी नऊ नंबरचं कार्ड उघडलं. साळिंदर, ससे, गवत, गवत. शेवटी चार फोटो होते. पहिल्यात पाटी. धरणाऱ्याचं तोंड पाटीआड होतं, फक्त बोटं आणि बारक्याच्या हिरव्या जॅकेटच्या बाह्या दिसत होत्या. पाटीवर तारीख चौदा. खाली शेपटीवाला नऊ. दुसऱ्यात पाटी गवतात. तिसऱ्यातही तीच पाटी, आजूबाजूला कोणी नाही. चौथ्यात पाटीशेजारी बिबटी बसलेली, तिच्या पोटाशी पिल्लू, आणि तिचं तोंड लाल.

चौदा तारीख अजून उजाडायची होती.

"बारक्या, हे काय?"

तो वाकून बघत राहिला. "अगं, मी काल गेलो होतो. अकरा लिहिलं आणि नव्या कार्डाला दाखवलं. या जुन्या कार्डाच्या शेवटी पाटी येईलच कशी?"

"मग हे अक्षर कोणाचं? माझ्या आज्याचं?"

"ताई, शपथ घेऊन सांगतो."

मोठ्या बाईंनी चष्मा वर ढकलला आणि त्यानंच तारीख चुकवली असं ठरवून टाकलं. "पिल्लू आहे, छान. पण तारीख चुकलेला फोटो वर पाठवता येत नाही. शुक्रवारपासून सफारीच्या गाड्यांचा नवा रस्ता नऊ नंबरवरून सुरू होतोय. रोज चाळीस गाड्या. गुरुवारी जाऊन नीट कार्ड आणा, पिल्लू दिसलं तर रस्ता बंद करायला लावते."

गुरुवार म्हणजे चौदा तारीख.

दोन दिवस मी तोच फोटो पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. त्या पाटीवर टवाळकी नव्हती, हे मला सारखं खात होतं. बारक्या टवाळकी विसरला म्हणजे तो किती घाबरलेला असेल? मी त्याला हात जोडले, जाऊ नकोस म्हटलं. मी उभ्या जन्मात कोणाला हात जोडले नव्हते. तो हसला. "ताई, मी नाही गेलो तर पिल्लू गाडीखाली येईल. आणि तुला फोटो कसले मिळणार, गवताचे?"

तेही खरंच होतं. पिल्लू मरायला नको होतं आणि बारक्या तर नकोच नको. मग गुरुवारी सकाळी मी सरळ त्याच्या खोलीला बाहेरून कडी घातली. आत कुंभकर्ण घोरत होता. काटेरी झुडपं आहेत म्हणून खुंटीवरचं त्याचं जॅकेट अंगात घातलं, पाटी आणि खडू पिशवीत टाकला आणि जीपवाल्या काकांना सांगितलं, त्याला ताप आहे, मी येते.

"तू? ऑफिसातली बाई?" काका म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"तुम्ही गाडी चालवा."

काकांचा गुडघा दुखायचा, ते रस्त्यावर जीपमध्येच थांबले. तिथून नऊ नंबर दोनशे पावलं. अकराचं लख्ख ऊन होतं. मी कार्ड काढलं, खिशात ठेवलं, नवं घातलं. खाली बसून पाटीवर तारीख लिहिली, कॅमेऱ्याचा नंबर लिहिला. मग मनात आलं, खाली काहीतरी लिहू का? पण लिहू कोणाला? फोटो बघणारी तर मीच.

पाटी मी तोंडासमोर धरलेली होती. क्लिक झालं आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोतल्या पाटीवर टवाळकी नव्हती, कारण ती पाटी बारक्याची नव्हतीच. बाह्या त्याच्या होत्या. बोटं माझी होती.

खरं सांगते, आधी सुटल्यासारखं वाटलं. त्याला काही होणार नव्हतं. तो कडीच्या आत सुखरूप होता. मग पाखरं एकदम गप्प झाली. मी पाटी हळूच गवतात ठेवली. बिबट्याकडे पाठ करायची नाही, हा नियम मला पाठ होता. मी समोर बघत मागे मागे सरकत निघाले. पण ती समोर नव्हतीच, मागे होती.

फार वेळ लागला नाही. नंतर मी उठले आणि रस्त्याकडे निघाले. कॅमेऱ्यासमोरूनच गेले, पण क्लिक झालं नाही. मी मागे आले, हात हलवले. कॅमेरा गप्प. रस्त्यावर काका हॉर्नवर हॉर्न देत होते. मी त्यांच्या खिडकीशी उभी राहून "आले ना, कान किटले," म्हणत होते, आणि ते माझ्यातून पलीकडे झाडांकडे बघत होते.

कार्ड माझ्या अंगावरच्या जॅकेटच्या खिशात सापडलं. त्यात पिल्लू होतं, तारखेसकट. रस्ता बंद झाला. बिबटीला पकडा म्हणून ओरड झाली, तेव्हा बारक्याच मध्ये पडला. "ताई तिच्या घरात गेली होती, ती ताईच्या नाही," असं म्हणाला आणि तिथेच खाली बसून रडला. कडी काढायला कोणाला दुपारपर्यंत सुचलं नव्हतं. दार आतून ठोकून ठोकून त्याचे हात सुजले होते.

अजून दर महिन्याला तोच नऊ नंबरवर येतो. फोटोही आता तोच निवडतो. परवा आला, कार्ड बदललं आणि पाटी धरली. तारीख, शेपटीवाला नऊ, आणि खाली, "ताई, वेळेवर जेवतो. चिडू नकोस."

खोटारडा! गालफडं बसलीत मेल्याची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावरही जात नाही, मला विचारा. मी त्याच्या कानाशी जाऊन अशी ओरडले की बस. त्यानं भर उन्हात कॉलर वर केली आणि इकडेतिकडे बघितलं.

मग मी त्याच्या शेजारी उभी राहिले, पाटीचा एक कोपरा धरून. क्लिक झालं, त्याच्यासाठी. संध्याकाळी तो माझ्या खुर्चीत बसून हा फोटो मोठा करेल आणि पाटीची ती बाजू पुन्हा पुन्हा तपासेल. तिथे नुसतं गवत असेल.