उपासाचं वजन

शिवप्पा काटेवाल्यानं आयुष्यात एकाच माणसाला खोटं वजन सांगितलं, आणि तो माणूस म्हणजे त्याची स्वतःची बायको.

उमरग्यापासून आठ-नऊ मैलांवर, हमरस्त्याला लागून त्यांचं गाव. गावच्या सोसायटीत शिवप्पा काट्यावर होता. पोती तोलायचा लोखंडी काटा, खाली फळी, वर दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. तूर असो, करडई असो, खताचं पोतं असो, शिवप्पा आधी फडक्यानं फळीवरची धूळ पुसणार, मगच माल ठेवू देणार. "अरे बाबा, धुळीचं कसलं आलंय वजन?" असं कुणी म्हटलं की म्हणायचा, "तुझ्या घरी नसंल, हितं असतंय." लोक वैतागायचे. पण शेजारच्या चार गावांची माणसंही माल याच काट्यावर आणायची, हेही तितकंच खरं.

त्याची बायको महादेवी. अंगानं दणदणीत आणि बोलायला त्याहून दणदणीत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची तेव्हा मात्र नुसती काडी झाली होती. रेशनच्या मिलोची, म्हणजे त्या तांबड्या परदेशी ज्वारीची, भाकरी पोरांना वाढायची आणि 'माझं झालंय' म्हणत पाणी पिऊन उठायची. पुढं पाऊसपाणी झालं, घरात ज्वारी आली, आणि ह्या बाईनं ठरवूनच टाकलं की शिजलेला एक कण वाया जाऊ द्यायचा नाही. पोरांच्या ताटातलं उरलेलं, तव्यावरचं करपलेलं, पातेल्याच्या बुडाचं, सगळं हिच्या पोटात. शिवप्पाला ते बघून बरंच वाटायचं. खाऊ दे की! दहा वर्षांत ती सत्त्याण्णव किलोंवर गेली, तरी त्याला ती कधी जास्त वाटली नाही.

मग तिच्या पोटात आग पडायला लागली. रक्ताची उलटी झाली तेव्हा सोलापूरला नेली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी अल्सर म्हणून निम्मं जठर काढून टाकलं. बाई वाचली. पण चार महिन्यांत टाक्यांच्या जागी हर्निया झाला. खोकली की बेंबीच्या वर नारळाएवढा गोळा उठायचा.

"हे पुन्हा उघडून शिवावं लागेल," डॉक्टर म्हणाले, "पण एवढ्या वजनात टाका टिकणार नाही. पंच्याहत्तरवर या, मग शिवतो. आणि फार वेळ लावू नका. एखाद्या दिवशी आतडं अडकलं तर जिवावर बेतेल." खायचंही सांगितलं. एका वेळी एक वाटी, दिवसातून सहा वेळा, नीट चावून. गोड बंद.

तेव्हापासून दर शनिवारी, सोसायटी बंद झाली की महादेवी डोक्यावरनं पदर घेऊन गोदामात यायची. शिवप्पा फळी पुसायचा.

"युरियाच्या जागी मला हुबी करता व्हय?" ती म्हणायची.

"युरिया निदान गप हुबा ऱ्हातो," शिवप्पा म्हणायचा आणि दांडीवरचं वजन बोटानं हळूहळू सरकवायचा.

त्र्याण्णव झालं. अठ्ठ्याऐंशी झालं. पाच महिन्यांत काटा ब्याऐंशीवर आला. महादेवीच्या चोळ्या सैल झाल्या, चालताना धाप लागेना. आता सातच किलो उरलेत म्हणून शिवप्पानं सोलापूरला जायची पिशवीसुद्धा शोधून ठेवली.

आणि काटा जो ब्याऐंशीवर बसला, तो हलेचना. एक शनिवार गेला, दोन गेले, महिना गेला. तीच वाटी, तेच सहा वेळा, तेच ब्याऐंशी. महादेवी रडकुंडीला आली. शेजारची पुतळाबाई म्हणाली, "अक्का, उपास धर. उपासानं भले भले वाळत्यात." सोमवार महादेवीचा होताच. तिनं गुरुवार धरला, चतुर्थी धरली, मग मंगळवारही धरला. आठवड्यातले निम्मे दिवस उपास! शिवप्पाला इतकं भरून आलं, की उमरग्याच्या बाजारातनं साबुदाणा तो स्वतः आणायला लागला. शेंगदाणे स्वतः भाजायचा, रताळी निवडून आणायचा. बायको एवढं सोसतेय, तर आपण एवढंही करू नये का?

डॉक्टरांनी वाटी सांगितली होती, तर ती वाटीच घ्यायची. वाटीभर खिचडी. तासाभरानं वाटीभर भगर. मग रताळं, मग दूध, मग शेंगदाणे. वाटी काही तिनं कधी मोडली नाही. उपासाला किती वाट्या, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं, आणि उपासाचं खाणं हे खाणं असतं असं दोघांच्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या शनिवारी काटा त्र्याऐंशी म्हणाला.

महादेवी फळीवरनं उतरली आणि तूर भरलेल्या पोत्यावर मटकन बसली. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाय आता. आता दिवसभर तोंडात काय बी घालणार न्हाय म्या."

आणि हट्टी बाई ती! सोमवारी खरंच दिवसभर तोंडात काही घातलं नाही. दिवेलागणीला उपास सोडायला म्हणून दाण्याचे दोन लाडू खाल्ले, वर पेलाभर गूळ घातलेलं दूध प्यायली, आणि अर्ध्या तासात चुलीपुढं आडवी झाली. अंगाला दरदरून घाम, छातीत धडधड, डोळे पांढरे. शिवप्पानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला दुसरं काही दिसेना, दुष्काळातली ती काडीसारखी बाईच दिसायला लागली. उपाशी मरतेय ही, माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरतेय, एवढंच त्याच्या मनात होतं. थोड्या वेळानं ती उठून बसली. तो मात्र रडत होता.

त्या शनिवारी त्यानं फळी पुसली, वजन सरकवलं, दांडी त्र्याऐंशीवर स्थिर झालेली त्याला नीट दिसली, आणि तो म्हणाला, "ऐंशी."

"काय सांगता!"

"ऐंशी म्हणतोय न्हवं."

महादेवीनं त्याच्याकडं असं पाहिलं, की पुन्हा खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. घरी येऊन ती वाटीभर वरण-भात जेवली, गुणगुणली, पुतळाबाईला हाक मारून सांगितलं. तिला आकडे वाचता येत नव्हते. इतकी वर्षं शिवप्पानं सांगितलं ते वजन, हेच सगळ्या गावाला ठाऊक, तिलाही.

मग काय, एकोणऐंशी झालं, अठ्ठ्याहत्तर झालं. उपास लागू पडले म्हणून महादेवी आणखी जोमानं उपास करायला लागली. शहात्तरवर आल्यावर मात्र शिवप्पा घाबरला. पंच्याहत्तर म्हटलं की सोलापूरची गाडी धरावी लागणार. तिथला काटा काही त्याच्या बोटांनी चालणार नव्हता. मग त्याचा खोटा काटाही शहात्तरवर अडकून बसला. तीन शनिवार शहात्तर! खत तोलताना तो फळी पुसायची विसरायला लागला. हणमंतप्पा सेक्रेटरीनं विचारलं, "शिवप्पा, तब्येत ठीक न्हाय का?" तो म्हणाला, "ठीक हाय," आणि तेही खोटंच होतं.

एका सकाळी पाण्याची घागर उचलताना महादेवी ओरडली. पोटावरचा गोळा दगडासारखा घट्ट झाला होता, हात लावू देईना. सोसायटीच्या जीपमधनं तिला उमरग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला आडवं केलं, पाय दुमडायला लावले, अंगठ्यांनी हळूहळू दाबत गोळा आत सारला. शिवप्पा दाराला धरून उभा होता.

"थोडक्यात वाचलात," डॉक्टर म्हणाले. "हे लवकर शिवून घ्या. वजन किती?"

"शहात्तर," महादेवी पडल्या पडल्या मोठ्या डौलात म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, हाताला धरून आपल्या काट्यावर उभं केलं. "पंच्याऐंशी आहे बाई."

"तुमचा काटा बिघडला आसंल. आमच्या मालकांचा काटा कदी चुकत न्हाय."

शिवप्पाला वाटलं, जमीन दुभंगावी. "काटा न्हाय चुकला," तो म्हणाला. "म्या खोटं सांगितलं."

महादेवी त्याच्याकडं न बघता काट्यावरनं उतरली. डॉक्टरांनी काय काय खाता ते विचारलं. वाटीचं ऐकून पसंतीनं मान डोलावली. उपासाचं ऐकलं तशी त्यांची मान थांबली. "उपासाला काय खाता?" महादेवीनं सगळं सांगितलं, लाडवांसकट आणि चुलीपुढं पडल्यासकट. डॉक्टर म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही उपाशीपणानं पडला नाहीत. तुमचं जठर निम्मं आहे, गूळ सरळ आतड्यात उतरला म्हणून पडलात. आणि बाकीचं मी कशाला सांगू? यजमान काट्यावर आहेत ना? घरी जाऊन तोलून बघा."

परतीच्या एसटीत महादेवी खिडकीकडं तोंड करून बसली होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "साऱ्या गावाला खरं सांगता. मलाच का खोटं?"

"तू पडलीस न्हवं. मला बहात्तर आठवलं. वाटलं, खोटं बोललो तर जेवंल तरी."

"म्या मेले आसते न्हवं तुमच्या शहात्तरात!" ती रडायला लागली, आणि मग रडता रडताच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "इतकं भ्याला व्हता व्हय? मला बोलायचं की. आता एक सांगते. बरं आसू द्या, वाईट आसू द्या, मला खरंच सांगायचं. शपथ घ्या."

त्यानं गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शपथ घेतली.

घरी आल्यावर त्यानं वाण्याकडनं तराजू मागून आणला. एका पारड्यात रविवारचं ठेवलं, म्हणजे दिवसभराच्या भाकरीचं पीठ, डाळ आणि चमचाभर तेल. दुसऱ्या पारड्यात सोमवारच्या उपासाचं रचायला लागला. साबुदाणा, भगर, शेंगदाणे, गूळ, केळी, रताळी. निम्मं ठेवायच्या आधीच पारडं धाडकन खाली टेकलं. दूध तर अजून बाहेरच होतं.

दोघं त्या पारड्याकडं बघत राहिले. मग महादेवीला हसू फुटलं. पोटावर हात दाबून ती हसत राहिली. "आगंबाई! म्या उपास करत व्हते का पंगत?"

"आन् वाढपी मीच की," शिवप्पा म्हणाला.

पुतळाबाईला वाटलं आता देव कोपणार. महादेवी म्हणाली, "देवाला उपास पायजे, साबुदाणा कुठं मागतोय त्यो?" तिनं फक्त सोमवार ठेवला, तोही ताकावर आणि एका वाटी भगरीवर. पातेल्याच्या बुडाचं म्हशीला जायला लागलं. सुरुवातीला म्हशीच्या पाटीत टाकताना डोळ्यांत पाणी यायचं. पण टाकायची.

शनिवारी शिवप्पा खरं सांगायला लागला. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी. परत चौऱ्याऐंशी. ब्याऐंशीवर काटा पुन्हा तीन आठवडे अडला तेव्हा त्याच्या जिभेवर एक्याऐंशी आलं होतं, पण ते त्यानं गिळलं. "ब्याऐंशीच हाय गं." "आसू द्या," ती म्हणाली, "दमला आसंल त्यो बी." मग एकदाचा हलला. सात महिने लागले.

सोलापूरच्या नर्सनं सांगितलं, "साडेचौऱ्याहत्तर." शिवप्पानं तिला पुन्हा तोलायला लावलं. नर्स चिडली, पण तोललं. तेवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवीला ट्रॉलीवर घेतलं. बांगड्या काढल्या. गळ्यातलं इष्टलिंग तसं ठेवता येणार नाही, दंडाला बांधा, असं नर्स म्हणाली. शिवप्पानं बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं आणि आतला औषधाचा वास आला, तसा महादेवीनं त्याचा सदरा धरला. गावात जिच्या आवाजाला म्हैससुद्धा बिचकायची, तिचा आवाज इतका बारीक झाला की त्याला वाकावं लागलं.

"आवं, म्या वाचंन का?"

'काय बी होत न्हाय तुला,' हे शिवप्पाच्या अगदी ओठावर आलं होतं. कुठल्याही नवऱ्यानं तेच म्हटलं असतं.

"मला ठावं न्हाय गं," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय."

महादेवी त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण हळूहळू उतरला.

"मलाबी," ती म्हणाली. "मला वाटलं, एकट्या मलाच वाटतंय."

तिनं सदरा सोडला आणि त्याचा हात धरला. ट्रॉली आत जाईपर्यंत तो तिनं धरून ठेवला.