हत्याराचा रिकामा रकाना

राणीच्या ज्युबिलीच्या साली कोलशेतच्या मिठागरावर बावीस माणसांचं काम गेलं, ते एका रिकाम्या रकान्यापायी. मी सांगतो त्यातलं चार आणे कमी धरलंत तरी माझी हरकत नाही. कुठले चार आणे, ते मात्र विचारू नका.

मी तेव्हा आगराची होडी वल्हवायचो. मिठाच्या गोणी आणि कचेरीचं टपाल ठाण्याच्या बंदराला पोचवायचं, तिकडून येईल ते घेऊन यायचं. आगर मुंबईच्या एका कंपनीचं. तिच्या मोठ्या साहेबांची आणि मिठाची गाठ पडायची ती फक्त जेवणाच्या ताटात. इथला कारभार श्रीपादराव बघायचे. कल्याणचे, शिकलेले, भला माणूस. चिखलाची त्यांना फार भीती, म्हणून पायात सदा बूट. एकदा बांधावर आडव्या आलेल्या खेकड्याला त्यांनी "आपण आधी व्हा" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय.

दिवाळी सरली की मिठाचे वाफे तुडवायचे असतात. बावीस बाया-पुरुष एकमेकांचे हात धरून, ओळीनं, अनवाणी, गाणं म्हणत चिखल तुडवतात. तळ दगडासारखा होईस्तोवर पंधरा-वीस दिवस हेच. तळ कच्चा राहिला की खाडीचं पाणी जमिनीत मुरतं आणि मीठ काही धरत नाही. या ओळीचा म्होरक्या काळुराम आणि गाणं सांगणारी त्याची बायको आवडाबाई. काळुरामच्या तळव्याला जराशी गार जागा लागली की खाली पाणी कुठे मुरतंय ते तो सांगायचा. शिवाय त्या जागी खेकडा कुठल्या कुशीवर झोपलाय तेही. आवडाबाईनं तुडवलेल्या वाफ्यावर बगळा उतरला, तर घसरत थेट पलीकडच्या बांधाला जाऊन थांबायचा. दोघांचं खोपटं कंपनीच्या बांधावर होतं. काम आहे तोवर खोपटं, अशी बोली.

त्या साली मुंबईहून एक छापील तक्ता आला. माणसाचं नाव, गाव आणि काम करण्याचं हत्यार, असे तीन रकाने. श्रीपादरावांना खोटं लिहिता येत नसे. फावडेवाल्यापुढे त्यांनी फावडं लिहिलं, टोपलीवालीपुढे टोपली, माझ्यापुढे वल्हं, शिपायापुढे घंटा आणि स्वतःपुढे लेखणी. तुडवणाऱ्यांच्या हातात एकमेकांच्या हातांखेरीज काही नव्हतं. त्यांचा रकाना रिकामा राहिला.

पंधरवड्यात हुकूम आला. खर्च आवरायचा आहे, तरी ज्यांच्यापुढे हत्यार नाही ती माणसं कमी करावीत आणि पौर्णिमेच्या आत त्यांनी बांध मोकळा करावा. त्याच खेपेला, त्याच होडीतून, कचेरीसाठी एक झुलती खुर्ची आली. खुर्ची मीच खांद्यावरून आणली, त्याचे टोमणे मी अजून खातोय.

श्रीपादरावांनी हुकूम वाचून दाखवला, तो स्वतःच्या बुटांकडे बघत. आवडाबाई खुर्चीभोवती एक फेरी मारून आली.

"रावसाहेब, ही कंचं काम करते?"

"झुलते," श्रीपादराव म्हणाले. खोटं बोलताही येत नव्हतं.

"आनि ती घंटा?"

"वाजते."

"मंग आमीच तेवढी रिकामी," ती म्हणाली आणि निघून गेली.

राहिलेल्यांनी न तुडवलेल्या वाफ्यांत पाणी सोडलं. सकाळी वाफे कोरडे. पुन्हा सोडलं, पुन्हा कोरडे. आठ दिवसांत वाफ्यांनी एवढी खाडी प्यायली की माझी होडी गाळात बसली आणि मासे बांधावरून चालत पाण्याची वाट विचारू लागले. इकडे काळुराम रोज खोपटाची एकेक पेंढी उतरवत होता. तरी सकाळी एकदा वाफ्यापाशी यायचा, पाय टेकवून बघायचा आणि आजारी गाईजवळून उठावं तसा परत जायचा.

शेवटी श्रीपादराव खोपटाशी आले आणि मदतीला या म्हणाले. काळुरामनं लगेच धोतर खोचलं. आवडाबाईनं त्याला मागे ओढलं. आज तुडवलं तरी पुढच्या साली पुन्हा तसाच कागद येईल, आम्हाला आधी कागदावर घ्या, असं तिचं म्हणणं.

"पण रकान्यात लिहू काय, आवडाबाई?"

"बूट काढा. मंग कलेल."

त्यांनी बूट काढले. पहिल्या पावलाला ते गुडघ्यापर्यंत गेले, दुसऱ्याला बसले. एका हाताला काळुराम, दुसऱ्या हाताला आवडाबाई, असे त्यांना धरून बावीस जणांची ती ओळ अख्खी सकाळ हलत राहिली. आवडाबाईनं गाण्यात त्यांच्या धोतरावर दोन ओळी घातल्या. त्या मी इथे लिहीत नाही. दुपारच्या सुमाराला श्रीपादराव एकाएकी थांबले.

"काळुराम, इथे गार लागतंय रे."

नातवानं पहिला शब्द बोलावा तसा काळुरामचा चेहरा झाला. "तिथंच मुरतंय पानी. तुमच्या पायाला आता कलाया लागलं, रावसाहेब."

त्याच दुपारी श्रीपादरावांनी कागदाला कागद चिकटवून बांधावर नवा तक्ता अंथरला. तुडवणाऱ्यांच्या रकान्याला शाई लागलीच नाही. बावीस जणांनी हत्याराच्या रकान्यात आपापली दोन्ही चिखलाची पावलं उमटवली. मग आपल्या नावापुढची लेखणी खोडून श्रीपादरावांनी लिहिलं, खुर्ची, झुलते. आपलं काम जाईल हे कळत असूनही लिहिलं, आणि घडी करून माझ्या हाती दिलं.

आता हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. भरतीला गाळातून सुटलेल्या होडीत ऊन लागलं तशी त्या पावलांच्या चिखलाला मिठाची कणी धरू लागली. बाळकुमपाशी लखोटा उशीएवढा झाला, ठाण्याला लोडाएवढा. टपालवाल्याला तो दोघांच्या मदतीनं आगगाडीत चढवावा लागला. मुंबईच्या साहेबांनी म्हणे तो फोडला आणि आठ दिवस त्यातलंच मीठ जेवणात घेतलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. हत्यार पाहिलं, उत्तम आहे, चव्वेचाळीस नग कायम ठेवावेत. खुर्चीबद्दल आणि श्रीपादरावांबद्दल अक्षर नव्हतं. साहेब लोकांना त्यात वावगं काही दिसलंच नसावं.

संध्याकाळी काळुराम खोपटावर चढून पेंढा परत शाकारत होता. खालून श्रीपादराव, अनवाणी, एकेक पेंढी वर देत होते. आणि कचेरीतून मीच पुन्हा खांद्यावरून आणलेल्या त्या खुर्चीत आवडाबाई बसली होती, चिखलाचे पाय वर घेऊन.

"झुलते खरी," ती म्हणाली.