नऊ किलो

माझी किडनी धाकट्या भावाला जुळते हे कळलं, त्या दिवशी आनंदाच्या भरात मी शाळेची बस फाटकावर घासली. पण डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "नऊ किलो कमी करा. सावकाश, चार महिन्यांत. मग ऑपरेशनचं बघू."

सावकाश! मी बस चालवते. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी माझा हात हॉर्नवर असतो. इकडे धाकटा आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसला, त्यामुळे त्याचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान निम्मा वेळ बंद. त्याला दिवसाला एक बाटली पाणी, त्यातच चहा आला. घसा कोरडा पडला की बिचारा बर्फाचा खडा चघळतो. हे बघत मी चार महिने काढू?

तीन आठवड्यांत उरकायचं ठरवलं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी, रात्री काही नाही. वजनकाटा स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि येता-जाता त्यावर चढू लागले. बसमध्ये मुलांनी डबे उघडले की जीव कासावीस व्हायचा. एकदा मागच्या सीटवर कुणाचं तरी अर्धं सँडविच राहिलं होतं, ते दोन घासांत गिळलं. मग स्वतःचा इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी काकडीही बंद.

सात किलो उतरले. उरलेले दोन काही केल्या हलेनात आणि मीच हट्टाने अलीकडे घेतलेली तपासणी दोन दिवसांवर आली. मग मी पाणीही सोडलं. घरात कुणाला बोलले नाही.

काट्याने नऊ किलो कमी दाखवले. मी अगदी शर्यत जिंकल्यासारखं डॉक्टरांकडे बघितलं. त्या मात्र रक्ताचा रिपोर्ट बघत होत्या.

"तुमच्याच किडनीचे आकडे बिघडलेत. खाणंपिणं बंद केलं होतंत का?"

मी काट्याकडे बोट दाखवलं.

"आता महिनाभर नीट खा, पाणी प्या. आकडे सुधारले नाहीत, तर तुमची किडनी घेता येणार नाही."

'अति घाई संकटात नेई' हे माझ्याच बसच्या पाठीवर रंगवलंय. रोज फडक्याने पुसते मी ते.

घरी येऊन धाकट्याला सगळं सांगितलं.

"पाणी सोडलंस? मी इथे थेंब थेंब मोजतोय, आणि तू..."

"तुझ्यासाठीच केलं ना रे!"

"ताई, मला एक देशील. तुझ्याकडेही एकच राहील. मला तीसुद्धा धडधाकट हवी."

त्याला किडनी द्यायची मला इतकी घाई झाली होती, की माझ्यापाशी काय उरणार हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. मला लाजही वाटली आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवसापासून माझं ताट तोच वाढू लागला. अर्ध्या ताटात भाजी, मग डाळ, एक अंडं, वाटीभर भात. "बिस्किटं बंद नाहीत, दोन खा. एकदम बंद केलंस की तू पुडाच संपवतेस, माहितेय मला." काटा त्याने दुकानात नेऊन ठेवला आणि फक्त रविवारी चढायची परवानगी दिली. पहिल्या रविवारी वजन तीन किलोंनी वाढलेलं! मी थयथयाट केला. त्याने शांतपणे डाळ वाढली. पुढे आठवड्याला अर्धा किलो उतरू लागलं. अर्धा किलो! त्या गतीने मुलं शाळेत पोचली असती, तर थेट पुढच्या वर्गात.

उद्या रक्त पुन्हा तपासायचंय. आज संध्याकाळी मी नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आकडे नाही सुधारले तर? धाकट्याने मला हाताला धरून टेबलापाशी बसवलं आणि काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास पुढे ठेवला.

"तुझ्यासमोर नको रे."

त्याने बर्फाचा खडा तोंडात टाकला.

"पी. पण हळू पी, ताई. मला बघू दे."

मी घोट घोट प्यायले. ग्लास रिकामा होईपर्यंत त्याची नजर हलली नाही.